जीएफएमचा चार्ज पहिल्यांदाच मिळालाय? मुलांच्या मनःस्वास्थ्याचं काय, कधी आणि कसं बघायचं

जुलैमध्ये इंजिनीअरिंग कॉलेजांत डिपार्टमेंटची कामं वाटली जातात. एनबीएच्या (कॉलेजच्या मान्यता-मूल्यांकनाच्या) फायली, टाइमटेबल, परीक्षा विभाग ही वजनदार कामं जुनी मंडळी घेतात आणि नव्याने रुजू झालेल्या असिस्टंट प्रोफेसरच्या हातात जीएफएमची, म्हणजे गार्डियन फॅकल्टी मेंबरची ऑर्डर पडते. अमुक डिव्हिजन, रोल नंबर १ ते २२. काही कॉलेजांत याला मेंटॉर म्हणतात, काही ठिकाणी शिक्षक-पालक. ऑर्डरवर लिहिलेलं काम सोपं असतं: हजेरीचा हिशेब, घरी फोन, महिन्याच्या मीटिंगचे मिनिट्स. त्या बावीस जणांपैकी कुणी आतून खचत चालला असेल तर ते वेळेत लक्षात येणं, हे काम ऑर्डरवर नसतं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या १,७०,९२४ आत्महत्यांपैकी १३,०४४ विद्यार्थ्यांच्या होत्या आणि राज्यांत सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा होता. हे वाचून दडपण येणं साहजिक आहे. पण तुम्ही समुपदेशक नाही आणि व्हायलाही जाऊ नका. समुपदेशकाकडे नसतं असं थोडं तुमच्याकडे आहे: हजेरीपत्रक, टर्मवर्कवरची सही आणि एचओडींच्या केबिनमध्ये थेट जाण्याची मुभा. पुढचं सगळं या तिन्हींचा वापर कसा करायचा याबद्दल आहे.

पायरी १: चार्ज घेतल्या आठवड्यात

समुपदेशन कक्षाची पाटी बघून समाधान मानू नका, आत जाऊन भेटा. समुपदेशक पूर्णवेळ आहेत की आठवड्यातून दोनदाच येतात? मराठीतून बोलतात का? प्रॅक्टिकल बुडवल्याशिवाय भेटता येईल अशी वेळ आहे का? कक्षाचं दार नेमकं प्राचार्यांच्या ऑफिससमोर उघडतं का? हा शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल. पण जिथे आत जाताना अख्खं कॉलेज बघतं तिथे मुलं जात नाहीत.

समुपदेशकच नसतील, तर प्राचार्यांकडे जाताना एक संदर्भ सोबत न्या. विशाखापट्टणमच्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण आणि हेल्पलाइनचे नंबर वर्गात-हॉस्टेलात ठळक लावणं, हे त्यात आहे. ‘मला वाटतं’पेक्षा ‘कोर्टाने सांगितलंय’ म्हटलं की फाईल लवकर हलते, हे सरकारी काय आणि खासगी काय, सगळीकडे खरं.

मग फोनमध्ये नंबर भरा. हॉस्टेलचे रेक्टर, कॉलेजचे डॉक्टर, जवळच्या मोठ्या रुग्णालयाची कॅज्युअल्टी, ॲम्ब्युलन्ससाठी १०८, आपत्कालीन ११२. यांच्या वर ठेवा टेलिमानस: १४४१६. मानसिक आरोग्यासाठीची ही केंद्र सरकारची मोफत फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, दिवसरात्र चालते आणि मराठीतून बोलता येतं. सुरुवातीला भाषा निवडायला सांगतात. घाबरलेलं मूल तिथेच फोन ठेवून देऊ शकतं, म्हणून ते कसं करायचं ते तुम्हाला माहीत असू द्या. रॅगिंगसाठी यूजीसीची वेगळी हेल्पलाइन आहे, १८००-१८०-५५२२.

उपचारांच्या बाबतीत खर्चाची धास्ती असते. सरकारी रुग्णालयांत, जसं पुण्यात ससून किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी सिव्हिल, मानसोपचाराची ओपीडी असते आणि तिथे नाममात्र पैशांत काम होतं. ओपीडीचे वार आणि वेळ आधीच विचारून ठेवा. गरज पडते तो दिवस नेमका ओपीडी बंद असण्याचा असतो.

पायरी २: पहिली भेट

सगळ्यांना एकत्र बसवून ‘काही प्रॉब्लेम असेल तर सांगा’ म्हणाल, तर बावीस चेहरे तुमच्याकडे बघत राहतील. एकेकाला दहा मिनिटं द्या आणि साध्या गोष्टी विचारा. कुठे राहतोस? रूमवर किती जण? मेस लावली आहे की डबा? पुण्यात बहुतेक मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात. ‘मग रविवारी रात्री काय खातोस?’ या एका प्रश्नाच्या उत्तरातून मित्र आहेत की नाहीत, पैसे पुरतात की नाही आणि घरची आठवण कितपत छळते, एवढं सगळं कळतं. ‘बिस्किटं’ असं उत्तर आलं तर नाव लक्षात ठेवा.

याच भेटीत आणखी एक विचारून घ्या: ‘कधी तब्येत बिघडली किंवा काही झालं, तर घरी कुणाला फोन करू?’ फॉर्मवर वडिलांचा नंबर असतो. पण मुलं अनेकदा ताईचं, मामाचं किंवा चुलतभावाचं नाव सांगतात. तो नंबर लिहून घ्या, पुढे फार कामाला येतो.

पायरी ३: हजेरीपत्रक वाचायला शिका

डिफॉल्टर लिस्ट लावण्यापुरतंच हजेरीपत्रक बघणारे खूप जण आहेत. ७५ टक्क्यांची रेघ सोडून द्या आणि आधीच्या महिन्यापेक्षा काय बदललं ते बघा. पहिल्या महिन्यात एकही तास न चुकवणारी मुलगी गेले दोन आठवडे साडेआठच्या लेक्चरला नाही आणि अकरानंतर सगळीकडे आहे, याचा अर्थ बहुधा झोप बिघडली आहे. एकाच विषयाला सतत दांडी असेल, तर त्या तासाला काहीतरी घडतंय: शिक्षक उभं करून टाकून बोलत असतील, किंवा त्या बॅचमध्ये त्रास देणारं कुणी असेल. हजेरी शंभर टक्के पण सबमिशन शून्य, हेही बघण्यासारखं. शरीर वर्गात असतं आणि पेन उचलायची ताकद नसते. सही आहे पण मुलगा दिसत नाही, म्हणजे कुणीतरी प्रॉक्सी लावतंय. प्रॉक्सी लावणाऱ्याला झापण्याआधी बाजूला घेऊन विचारा, तो कुठे असतो? खरं काय चाललंय ते त्याला माहीत असतं, आणि सांगायला तो बहुधा वाटच बघत असतो.

हजेरीबाहेरच्याही खुणा आहेत. वजन उतरणं, तेच कपडे, चिडचिड, ग्रुपमधून अचानक बाहेर पडणं, आवडीच्या वस्तू वाटून टाकणं, सगळ्यांची माफी मागत फिरणं. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदासी आणि कशातच रस नसणं दिसलं, तर ‘मूड नाही’ म्हणून सोडून देऊ नका.

वर्षातले काही काळ जास्त अवघड असतात. कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) शेवटच्या फेरीतून प्रवेश घेतलेली मुलं येतात तेव्हा वर्गातले कंपू ठरलेले असतात, निम्मा युनिट शिकवून झालेला असतो. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांची तऱ्हा आणखी वेगळी: वर्कशॉपमध्ये ती सगळ्यांच्या पुढे, पण पहिल्या वर्षाचं गणित, म्हणजे एम-वन, एम-टू न शिकता त्यांच्यासमोर एकदम एम-थ्री येतं. लातूर-नांदेडकडून बोर्डात ९० च्या वर मार्क घेऊन आलेला मुलगा पहिल्या इन-सेमला (सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेला) तीसपैकी सात बघतो, तेव्हा त्याच्या बाबतीत आयुष्यात पहिल्यांदाच असं घडलेलं असतं. दिवाळीनंतर परत न आलेली मुलं, निकालानंतरचा आठवडा, कास्ट व्हॅलिडिटीची मुदत आणि शेवटच्या वर्षात, अर्ध्या वर्गाला ऑफर मिळाल्यावर उरलेला अर्धा वर्ग. कॅलेंडरवर या खुणा आधीच करून ठेवा. (पीएचडी करणारे तर कुणाच्याच यादीत नसतात. कॉरिडॉरमध्ये दिसले तर निदान चहाला बोलवा.)

पायरी ४: एकट्याने बोलताना

स्टाफरूममध्ये बोलू नका. शेजारच्या टेबलावरचे कान तुमच्याकडे असतात. रिकामी ट्यूटोरियल रूम चालते, दार उघडं ठेवा, आवाज बाहेर जाणार नाही एवढं आत बसा. विद्यार्थिनीला संकोच वाटत असेल तर तिला विश्वासाच्या वाटणाऱ्या मॅडमना सोबत घ्या.

सुरुवात निदानाने करू नका, जे दिसलं त्याने करा.

‘गेले पंधरा दिवस सकाळच्या लेक्चरला दिसत नाहीस. आधी दुसऱ्या बाकावर असायचास. झोप होतेय का?’

‘होतेय सर.’

‘किती वाजता झोपतोस?’

‘...चार वाजतात.’

इथे गप्प बसा. नव्या माणसाला हेच सगळ्यात जड जातं. शिकवायची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना शांतता सहन होत नाही, आपण लगेच मोबाइल बाजूला ठेवण्याचे फायदे सांगायला लागतो. ते गिळून टाका आणि ‘चारपर्यंत डोक्यात काय चालतं?’ एवढंच विचारा.

‘आई-बाप किती कष्टाने शिकवतात, त्यांचा विचार कर’ हे वाक्य तर पूर्ण टाळा. तो रात्रभर तेच करत असतो. ‘आमच्या वेळी’, ‘योगा कर’, ‘पॉझिटिव्ह राहा’ हीसुद्धा त्याच पंगतीतली.

‘कुणाला सांगणार नाही ना?’ असं तो विचारेलच. वचन देऊ नका. ‘गरज नसताना कुणाला सांगणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका वाटला तर मला मदत बोलवावी लागेल, आणि तेव्हाही आधी तुला सांगेन’ असं स्पष्ट बोला. पहिल्या वर्षाची काही मुलं सतरा वर्षांचीच असतात. अठरा वर्षांखालच्या मुलाने किंवा मुलीने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं, तर पोक्सो कायद्याप्रमाणे ते कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. त्यापुढच्या वयाच्या विद्यार्थिनीला कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीचा रस्ता दाखवा. तक्रार करायची की नाही हे तिला ठरवू द्या.

पायरी ५: सरळ विचारायचा प्रश्न

बोलण्यात ‘माझा काही उपयोग नाही’, ‘सगळं संपवावंसं वाटतं’, ‘मी नसलो तर घरच्यांचा खर्च तरी वाचेल’ असं काही आलं, तर आडवळणं घेऊ नका. ‘मरून जावं, जीव द्यावा असं मनात येतं का?’ असे साधे शब्द वापरा. विचारल्याने मनात नसलेला विचार येत नाही. उलट इतके दिवस जे एकट्याने वाहिलं ते बोलता येतं. ‘असलं काही वेडंवाकडं तर मनात नाही ना?’ असं विचारलंत की उत्तर ‘नाही’ हेच येणार, कारण ‘नाही’च ऐकायचंय हे तुम्हीच सांगून टाकलंत.

‘हो’ आलं, तर चेहरा शक्य तितका शांत ठेवा. ‘बरं झालं सांगितलंस’ म्हणा. मग पुढचं विचारा: कधीपासून? कसं करायचं ते ठरवलंय का? त्यासाठी काही जवळ आहे का? याआधी कधी प्रयत्न केला होतास? नुसता विचार येऊन जातो असं उत्तर असेल, तर त्याच दिवशी समुपदेशकांपर्यंत तुम्ही स्वतः सोबत जा. ‘जाऊन भेट हां’ म्हटलं की दहातले नऊ जात नाहीत, असं माझं मत आहे.

पायरी ६: धोका आत्ताच असेल तर

काय करायचं ते ठरवलेलं आहे, साधन हाताशी आहे किंवा आजच काही करण्याची भाषा आहे, तर त्या मुलाला एक मिनिटही एकटं सोडू नका. पाणी आणायलासुद्धा दुसऱ्याला पाठवा. तुमचं लेक्चर असेल तर ते बुडू द्या. एका सहकाऱ्याला बोलवा. एकाने सोबत बसायचं, दुसऱ्याने फोन करायचे: समुपदेशक, रेक्टर, एचओडी, घरचा तो नंबर. रूमवर धोकादायक काही असेल तर रेक्टरांना सांगून ते हलवा. समुपदेशक मिळत नसतील तर १४४१६ लावा आणि फोन स्पीकरवर ठेवा. जिवाला इजा करून घेतली असेल किंवा काही खाल्लं-प्यायलं असेल, तर १०८ किंवा मिळेल त्या गाडीने थेट कॅज्युअल्टीत.

अशा वेळी कॉलेजात हमखास एक सूचना येते: ‘त्याला घरी पाठवा, चार दिवस आराम करू दे.’ घरी पाठवायला हरकत नाही, पण एकट्याला रात्रीच्या एसटीत बसवून देणं म्हणजे सर्वांत धोक्याचे दहा तास त्याला एकटं सोडणं. घरून कुणी येईपर्यंत तो तुमच्या, रेक्टरांच्या नाहीतर रुग्णालयाच्या नजरेखालीच राहिला पाहिजे.

‘पोलिस केस होईल’ या भीतीने रुग्णालयात न्यायला उशीर करतात, म्हणून कायद्याचं थोडं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम ११५ असं मानतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती. तिच्यावर खटला नाही, उलट तिची काळजी घेणं, उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर अशा प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेतलं जुनं कलम ३०९ उरलेलंच नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा धरला आहे. रुग्णालय पोलिसांना कळवेल, जबाब होईल. तेवढ्याने मुलाचं करिअर बुडत नाही. उशिराने मात्र जीव जाऊ शकतो.

पायरी ७: घरी फोन

‘तुमचा मुलगा डिप्रेशनमध्ये आहे’ असं फोनवर सांगू नका. तो निर्णय डॉक्टरांचा, आणि पलीकडे शेतात उभा असलेला माणूस तो शब्द ऐकून काय करेल हे आपल्याला ठाऊक नसतं. असं बोलून बघा: ‘नमस्कार काका, मी कॉलेजातून बोलतोय. मुलगा माझ्यासोबत आहे, सुखरूप आहे. त्याला झोप लागत नाही, जेवण जात नाही, खूप त्रासात आहे. डॉक्टरांना दाखवतोय. तुम्ही किंवा ताई उद्या येऊ शकाल का? आल्यावर त्याला रागावू नका, आधी माझ्याशी बोला.’ ‘सुखरूप आहे’ हे पहिल्याच दमात आलं पाहिजे.

फोन करण्याआधी मुलाला सांगा, शक्य तर त्याच्यासमोरच करा. कधी कधी त्रास घरातूनच असतो. ‘नापास झालीस तर शिक्षण बंद, लग्न लावून देऊ’ अशी तंबी मिळालेल्या मुलीच्या घरी निकालाचा फोन करताना विचार करा. घरी मारहाण आहे असं कळलं, तर समुपदेशकांशी बोलल्याशिवाय त्या नंबरावर फोन नको.

पायरी ८: जे तुमच्या हातात आहे ते सोडवा

मनावरचं ओझं पुष्कळदा कागदावरचं असतं आणि कागद हलवणं आपल्याला जमतं. महाडीबीटी पोर्टलवरचा स्कॉलरशिपचा हप्ता रखडलाय आणि अकाउंट सेक्शन फीसाठी मागे लागलाय, तर मुलासोबत खिडकीपर्यंत जा. तुमच्या उपस्थितीत क्लार्कची भाषा बदलते. हॉस्टेल मिळालं नसेल तर कोणत्या योजनेत बसतो ते बघा: अनुसूचित जातींसाठी स्वाधार, जमातींसाठी स्वयम्, ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, शिवाय डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना आहे. पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून गावाकडच्या मुलांची राहण्या-जेवण्याची सोय करत आली आहे.

स्कॉलरशिपवाल्यांची नावं वर्गात मोठ्याने वाचू नका, कॅटेगरीसकट तर मुळीच नाही. ‘फॉर्म राहिलेले आत येऊन भेटा’ पुरतं. वर्षानुवर्षं हे वाचन चालू आहे आणि त्यानंतर मागच्या बाकावर काय कुजबुज होते हे वाचणाऱ्याला ऐकू येत नाही. जातीवरून टोमणे असतील तर ‘गंमत होती’ हे स्पष्टीकरण मान्य करू नका. समान संधी केंद्राकडे किंवा अँटी-रॅगिंग समितीकडे लेखी न्या.

एटीकेटी लागलेल्या मुलासोबत मार्कशीट घेऊन बसा. किती विषय राहिले, पुढच्या वर्षात जाता येतं का, उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्ससाठी आणि पुनर्मूल्यांकनासाठी अर्जाची शेवटची तारीख कोणती. ही मुदत फार थोडी असते आणि खचलेला मुलगा नोटीस बोर्डाकडे फिरकत नाही. सगळं लिहून काढल्यावर ‘सगळं संपलं’चं ‘तीन विषय, सहा महिने’ होतं.

पायरी ९: उपचार सुरू झाल्यावर

नैराश्याच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात आणि सुरुवातीला सकाळी गुंगी राहू शकते. त्या महिन्यात साडेआठच्या लेक्चरवरून अडवू नका; एचओडींशी बोलून सवलत लेखी करून घ्या. मेडिकल सर्टिफिकेटचा फोटो स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही. ‘गोळ्यांची सवय लागते, सोडून दे’ असा सल्ला देणारे सहकारी प्रत्येक डिपार्टमेंटला एक तरी असतात. गोळी कधी बंद करायची ते डॉक्टर ठरवतील.

परत आल्यावर स्वागत-समारंभ नको आणि खास वागणूकही नको. प्रॅक्टिकलचा पार्टनर समजूतदार द्या, आठवड्याला पाच मिनिटं भेटा.

कॅम्पसवर एखाद्याचा मृत्यू झालाच, तर कसा, कुठे, चिठ्ठीत काय याची चर्चा आणि फोटो थांबवा. वर्गाला मोजक्या शब्दांत खरं सांगा, त्या आठवड्यातली सबमिशन पुढे ढकला आणि रूममेट, जवळचे मित्र, नुकतंच भांडण झालेली व्यक्ती यांना एकेक करून भेटा.

पायरी १०: नोंदी आणि चार्ज सोडताना

जीएफएमच्या अधिकृत रजिस्टरमध्ये फक्त तारीख, ‘भेट झाली’ आणि ‘समुपदेशन कक्षाकडे पाठवलं’ एवढंच लिहा. ते रजिस्टर इन्स्पेक्शनला टेबलावर पडतं, कुणीही चाळतं. बाकीचा तपशील समुपदेशकांच्या फायलीत राहू द्या.

तुमचा नंबर मुलांकडे राहणारच. पण रात्री अकरानंतर १४४१६ लावायचा हे पहिल्या दिवशीच सांगून ठेवा. जड प्रकरण असेल तर त्याच दिवशी समुपदेशकांशी स्वतःबद्दलही बोला. नाहीतर ते घरी येतं, आणि तुमच्या झोपेचे चार वाजतात.

वर्ष संपताना यादी दुसऱ्या जीएफएमकडे जाईल. ज्यांच्यावर लक्ष ठेवायचं त्या दोन-तीन जणांना आधी विचारा, ‘नव्या मॅडमना काय सांगू?’ ते म्हणतील तेवढंच सांगा आणि मॅडमशी गाठ घालून द्या. घरच्या माणसांचे ते खरे नंबर मात्र सगळ्या बावीस जणांचे द्यायचे, स्वच्छ अक्षरात.